जुळवून घेण्याविषयी

मराठीत 'जुळवून घेणे' हे क्रियापद बहुतेक वेळा आज्ञार्थातच ऐकू येते. 'जुळवून घे' असे सांगणारी व्यक्ती वयाने, नात्याने किंवा अधिकाराने मोठी असते. ज्या व्यक्तीला ते सांगितले जाते ती त्या घरात, त्या कचेरीत किंवा त्या गावात नवखी असते, निदान दुबळी तरी असते. माझ्या पिढीतील मुलींनी हे दोन शब्द लग्नाच्या आधी आणि नंतर किती वेळा ऐकले असतील याचा हिशेब नाही. त्यामुळे अलीकडे हवामानबदलाविषयीच्या पुस्तिकांत, भाषणांत आणि प्रशिक्षणवर्गांत 'शेतकऱ्यांनी बदलत्या हवामानाशी जुळवून घेतले पाहिजे' हे वाक्य आले की माझे लक्ष हवामानाच्या आधी क्रियापदाकडे जाते. कोणी, कोणाशी आणि किती जुळवून घ्यायचे? आणि हे ठरवले कोणी?

वास्तविक 'जुळणे' ही दोन बाजूंची क्रिया आहे. सूर जुळतात, पत्रिका जुळतात, मने जुळतात. एकट्याचे काही जुळत नाही. व्यवहारात मात्र या शब्दाचा अर्थ असा झाला आहे की एकाने जागचे हलायचे नाही आणि दुसऱ्याने वाकायचे. शासकीय परिभाषेत यासाठी 'अनुकूलन' असा शब्द आहे. संस्कृतात 'कूल' म्हणजे नदीचा काठ. काठाच्या कलाने जाणारे ते अनुकूल, काठाच्या विरुद्ध जाणारे ते प्रतिकूल. प्रतिमा सुंदर आहे. परंतु काठ जागच्या जागी राहील, असे तिच्यात गृहीत धरलेले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात ज्यांनी नद्या गावात शिरताना पाहिल्या, ज्यांच्या शेतातली माती खरडून गेली आणि खाली नुसता मुरूम उरला, त्यांना काठाच्या कलाने कसे जायचे हे सांगणे अवघड आहे. एका पिढीला दुष्काळाशी जुळवून घ्यायला शिकवावे आणि तोवर पुराने दार ठोठवावे, असा हा प्रकार आहे.

माझे माहेर जालना जिल्ह्यात आहे आणि मी शिकवते ती जागा बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी. दोन्ही भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले. वर्षाची सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास. पण सरासरी हा शब्द शेतकऱ्याच्या फारसा कामाचा नाही. त्याला पाऊस किती पडला यापेक्षा केव्हा पडला हे महत्त्वाचे वाटते, आणि हे 'केव्हा' नोंदवण्यासाठी आपल्याकडे एक स्वतंत्र कालगणना होती. सूर्य एका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस असतो. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस मृग लागे, मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त. माझे आजोबा पंचांग उघडत ते मुहूर्तापेक्षा नक्षत्राचे वाहन पाहण्यासाठी. बेडूक किंवा म्हैस असेल तर त्यांचा चेहरा खुले. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा तो म्हातारा. पुढे मघेतला सासूंचा आणि पूर्वेतला सुनांचा. हस्ताचा तो हत्तीचा. त्यावर रब्बी अवलंबून.

वाहनावरून पाऊस पडतो असे कोणीही मानायचे कारण नाही. आजोबा तरी किती मानत होते, याविषयी मला शंका आहे. या कालगणनेचे मोल भाकितात नव्हते. गावाला एक सामाईक घड्याळ मिळे, हे तिचे मोल होते. कोणत्या पंधरवड्यापर्यंत मूग-उडीद पेरता येईल, केव्हा त्यांचा नाद सोडून तूर किंवा बाजरीकडे वळायचे आणि केव्हा रान रब्बीसाठी मोकळे ठेवायचे, हे सारे त्या नावांना जोडलेले होते. म्हणजे पाऊस चुकला तर काय करायचे याची तरतूद त्या व्यवस्थेतच होती. तीच गोष्ट पेरणीची. खरिपाच्या ज्वारीच्या ठराविक तासांनंतर तुरीचे एक तास, मध्ये मूग, कडेला अंबाडी आणि तीळ. पाऊस लवकर गेला तर मूग हाती येई, उशिरापर्यंत राहिला तर तूर साधे. सगळेच उत्तम आले असे वर्ष क्वचित, पण सगळेच बुडाले असे वर्षही क्वचित. काळ्या भारी जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढणारा शाळू हे तर अवर्षणाला दिलेले उत्तरच होते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा या जुन्या शहाणपणाला कागदोपत्री मान्यता मिळाली असे मला वाटले.

भाषेतही या तरतुदींच्या खुणा राहिल्या आहेत. आज आपण कशाचेही 'पेव फुटले' म्हणतो: शिकवणीवर्गांचे, पुरस्कारांचे. वर्गात मी विचारते तेव्हा पेव म्हणजे काय हे फार थोड्या मुलांना ठाऊक असते. जमिनीखाली खणलेले, आतून लिंपलेले धान्याचे कोठार म्हणजे पेव. चांगल्या वर्षीचे धान्य वाईट वर्षासाठी त्यात पुरून ठेवीत. ज्या प्रदेशात वाईट वर्ष येणारच हे ठाऊक होते, त्या प्रदेशाचा हा शब्द आहे.

अर्थात या जुन्या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचा माझा हेतू नाही. पेव ज्याच्या वाड्यात असे त्याच्याच मर्जीने ते उघडे. ज्यांना जमीन नव्हती, ज्यांना गावाच्या विहिरीला हात लावायची मुभा नव्हती, त्यांचे जुळवून घेणे म्हणजे उपास काढणे किंवा गाव सोडणे. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हा बंधारे घालून, तळी बांधून पावसाचे पाणी शेतात जिरवण्याची कामे सरकारने हाती घ्यावीत असे सुचवले होते. शेतकऱ्याच्या सोशिकपणाची स्तुती करून ते थांबले नाहीत. त्यांनी पाण्याची व्यवस्था मागितली. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

आता ते घड्याळच बिघडले आहे. हे केवळ म्हाताऱ्या माणसांचे गाऱ्हाणे नव्हे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तीर्ण क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. उष्ण झालेल्या अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाचे लोट त्यामागे आहेत. हवामान खात्याने २०२० साली मान्सूनच्या आगमनाच्या आणि परतीच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरवल्या. वायव्य राजस्थानातून परतीला सुरुवात होण्याची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर गेली. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींमधला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. २०२५ मध्ये मान्सून २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. मृग तर दूरच, रोहिणी नक्षत्र नुकते लागले होते. आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात वर उल्लेखलेला पूर आला. पावसाची नावे तीच आहेत, पण तरणा पाऊस कधी येत नाही आणि म्हातारा कधी हातपाय पसरून बसतो. झड लागत नाही. एक तर खंड पडतो, नाही तर एका रात्रीत महिन्याचा पाऊस कोसळतो.

दरम्यान शेतही बदलले. मूग, उडीद आणि खरिपाची ज्वारी मागे पडून मराठवाडाभर सोयाबीन पसरले. याला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. पण सोयाबीन साधारण शंभर दिवसांत येते, मजुरी कमी लागते आणि दिवाळीच्या तोंडावर हाती रोख पैसा देते. कर्ज, शिकवणीचे शुल्क आणि दवाखाना ज्या घराला रोखीनेच भागवायचे आहेत, त्या घराने बाजाराशी जुळवून घेतले ते असे. घात इतकाच झाला की सोयाबीनच्या काढणीचा काळ आणि लांबलेल्या परतीच्या पावसाचा काळ एकच झाला. आजोबांच्या रानात सहा पिके सहा वेगवेगळ्या वेळी हाताशी येत. आता एका पिकाच्या शेंगा एकाच पंधरवड्यात उभ्या असतात आणि नेमक्या तेव्हाच ढग फुटतात.

यावर उपाय नाहीत असे नाही. पुरेशी ओल झाल्यावाचून, म्हणजे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरू नका, असे कृषी विद्यापीठ सांगते. रुंद वरंबा आणि सरी पद्धतीने पेरले तर जास्तीचे पाणी सरीतून निघून जाते आणि खंड पडला तर वरंब्यात ओल टिकते. ही चांगली, खरोखर उपयोगी साधने आहेत. पण साधनांची यादी संपल्यावर जो प्रश्न उरतो तो माणसामाणसांतील संबंधांचा असतो. तो मी माझ्या घरातच पाहिला.

२०१२ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या. माझ्या धाकट्या भावाने बारा वर्षांची झाडे स्वतःच्या हाताने तोडून सरपणात घातली. त्या हिवाळ्यात तो फारसा कोणाशी बोलत नव्हता. पुढे २०१६ मध्ये राज्य शासनाने मागेल त्याला शेततळे देण्याची योजना आणली. अनुदान पन्नास हजार रुपयांपर्यंत. वरची भर त्याने पतसंस्थेतून घातली, शेततळे खणले, त्याला काळ्या प्लॅस्टिकचे अस्तर घातले आणि मोसंबीच्या जागी डाळिंब लावले. जिल्ह्यात कडवंचीचे उदाहरण डोळ्यांसमोर होतेच. तिथे आधी पाणलोटाची कामे झाली, मग शेततळ्यांवर द्राक्षे उभी राहिली आणि गाव सुधारले. डाळिंब जगले. भावाच्या चेहऱ्यावर रंग आला. हे मी पाहिले आहे आणि त्याचे मोल मी जाणते.

परंतु शेततळे ही कल्पना मुळात अशी की पावसाचे वाहून जाणारे पाणी त्यात साठावे. उतारावर, अस्तराविना, भरून-मुरणारे. आमच्या भागातील बहुतेक शेततळी प्रत्यक्षात पाऊसकाळात आणि त्यानंतर विहिरीतून किंवा बोअरमधून उपसून भरली जातात. जमिनीखालचे थंड, झाकलेले पाणी वर आणून उन्हात ठेवले जाते आणि त्यातले बरेचसे वाफ होऊन जाते. पाणी वर का आणायचे? कारण जमिनीखाली ते सगळ्यांचे असते, प्लॅस्टिकवर आले की आपले होते. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांत. साठाही मर्यादित आणि भेगांना बांध ठाऊक नसतात. भावाची विहीर उपसली की उताराला असलेल्या आमच्या काकांच्या विहिरीचे पाणी उतरते. काकांकडे ना अनुदानाचा अर्ज भरायची उमेद, ना वरची रक्कम. फेब्रुवारीतच त्यांची विहीर तळ दाखवू लागली आणि त्यांनी गहू सोडून दिला.

मी भावाशी याविषयी बोलले. तो म्हणाला, "ताई, मी नाही उपसलं तर खालचा दुसरा कोणी उपसून घेईल. पाणी काय माझं नाव घेऊन थांबतंय का?" त्याचे म्हणणे खोटे नाही. सगळा धोका ज्याच्या एकट्याच्या डोक्यावर टाकलेला आहे, तो उपायही एकट्यापुरताच शोधणार. काकांना विचारले तर ते म्हणाले, "करील काय तो तरी? लेकरंबाळं हाईत त्याला." मग थोडे थांबून म्हणाले, "आपणच घ्यायचं जुळवून."

हवामानबदलाच्या पुस्तिकेत माझ्या भावाचे शेततळे यशोगाथा म्हणून छापले जाईल. काकांचे सोडलेले गव्हाचे रान त्या छायाचित्रात येणार नाही.

म्हणून मला या संदर्भात १९७२ पुन्हा पुन्हा आठवते. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. घरात मात्र त्या वर्षाचा उल्लेख एखाद्या नातेवाइकासारखा होई: सुकडी, तांबडी मिलो, खडी फोडण्याची कामे. तो दुष्काळ आजच्या अर्थाने हवामानबदलाचा होता की नाही हा वेगळा विषय. महत्त्वाचे आहे ते त्यातून काय निर्माण झाले हे. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून आलेली रोजगार हमी योजना पुढे १९७७ च्या कायद्यात रूपांतरित झाली आणि काम मागण्याचा हक्क मान्य झाला. त्याच दुष्काळाचा अनुभव घेऊन विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. त्याचे नियम आजही थक्क करतात: पाण्याचा वाटा जमिनीच्या आकारावर न ठरता घरातील माणसांच्या संख्येवर ठरेल, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला फार तर अडीच एकर. उसाला पाणी नाही. आणि ज्याला जमीनच नाही त्याचाही पाण्यावर हक्क. हिवरे बाजारने पुढे वेगळ्या रीतीने हेच केले. चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस असलेल्या त्या गावाने शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत, ऊस-केळी लावायची नाही आणि दरवर्षी पाऊस मोजून, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवायची असे ठरवले. धुळ्याकडील पांझरा नदीवरची फड पद्धत तर यांच्याहून काही शतके जुनी: गावचे भिजणारे रान फडांत वाटलेले, कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हे सर्वांनी मिळून ठरवायचे आणि पाणी कमी असेल तेव्हा भिजणारे फड कमी करायचे. नुकसान होते, पण ते वाटले जाते.

या प्रयोगांना मर्यादा होत्या. पाणी पंचायत फार पसरली नाही. हिवरे बाजारसारखे नेतृत्व प्रत्येक गावाला लाभत नाही. तरीही या तिन्हींमध्ये 'जुळवून घेणे' दोन्ही बाजूंनी घडते. ज्याच्याकडे जास्त आहे त्यालाही काही सोडावे लागते. मागेल त्याला तळे देणाऱ्या योजनेत असे सोडणे कोणालाच सांगितलेले नाही. तिथे प्रत्येकाचा सौदा थेट शासनाशी आहे, शेजाऱ्याशी नाही.

आता ज्यांच्याकडे सोडण्यासारखे काहीच नाही त्यांच्याविषयी. मी शिकवते त्या भागातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी लोक बाहेर पडतात. काही पश्चिम महाराष्ट्रात, काही कर्नाटकात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत घाम गाळायचा. एखाद्या दिवशी काम चुकले तर खाड्याचे पैसे कापले जातात. वर्गातील हजेरीपट दिवाळीनंतर विरळ होतो. एका विद्यार्थिनीने मला एकदा शांतपणे सांगितले, "मॅडम, पाडव्यापर्यंत मी नाही. आई-पप्पा गेले की धाकट्यांचं मला बघावं लागतं." तिची परीक्षा मार्चमध्ये होती. हवामानाच्या अभ्यासात हंगामी स्थलांतराला जुळवून घेण्याचा एक मार्ग असे म्हणतात. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरही असेल.

मी त्याच वर्गाला व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' शिकवत असते. त्या कादंबरीतही अखेरीस दुष्काळ पडतो आणि वाडी उठते. पूर्वी मी तो भाग शोकान्त म्हणून शिकवीत असे. आता त्यातला दुसरा पदरही मला दिसू लागला आहे. धनगरांचे हिंडणे ही मुळात अगतिकता नव्हती. दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणाकडे उतरायचे, वाटेतल्या शेतांत मेंढ्या बसवायच्या, खताच्या बदल्यात धान्य घ्यायचे आणि पावसाळा लागताना देशावर परतायचे. कोरड्या मुलखात राहणाऱ्यांनी घडवलेली ही रीत होती. कळप त्यांचा, वाट त्यांची आणि वाटेवरच्या शेतकऱ्याशी होणारा व्यवहार बरोबरीचा. ऊसतोड कामगारही त्याच सुमारास घर सोडतो, पण त्याची वाट मुकादम ठरवतो. आणि यातला उपहास असा की पाण्याच्या अभावी ज्यांचे रान ओस पडले तेच लोक सर्वांत जास्त पाणी पिणारे पीक तोडायला जातात.

जुळवून घेण्याची आज्ञा शेवटी कुठपर्यंत पोहोचते याचे उत्तर बीड जिल्ह्याने दिले आहे. २०१९ मध्ये राज्य शासनाने नेमलेल्या समितीसमोर आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. कारणे अनेक होती. खाड्याची भीती, फडावर ना आडोसा ना पाणी, साध्या तक्रारींवरही शस्त्रक्रियेचाच सल्ला देणारे दवाखाने. पावसाने दगा दिला म्हणून जमीन सुटली, जमीन सुटली म्हणून उचल घेतली, उचल फेडण्यासाठी खाडा नको आणि खाडा नको म्हणून शरीराचा एक अवयव. ही साखळी एकट्या हवामानाने घडवलेली नाही. पण हवामान बिघडत गेले की ती घट्ट होत जाते. तिच्या शेवटच्या कडीला एक सून उभी आहे, जिला सगळ्यांनी आधीच जुळवून घे म्हणून सांगून ठेवले आहे.

याच मराठवाड्यात याच्या उलट घडलेलेही आहे, म्हणून मला निराश होता येत नाही. उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, आणि लातूरच्या परिसरात 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेने महिलांना घरच्या जमिनीतील एक एकर स्वतःच्या निर्णयासाठी मागायला सांगितले. त्या एकरात त्यांनी सोयाबीन लावले नाही. ज्वारी-बाजरी, डाळी आणि भाजीपाला अशी पिके घेतली, खत घरचेच वापरले. नगदी पीक बुडाले त्या वर्षीही घरात खायला राहिले. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार या कामाला मिळाला. मला पुरस्काराहून त्या एका एकराची मागणी मोठी वाटते. माझ्या आजोबांच्या रानातील मिश्र पेरणीचे शहाणपण तिथे परत आले, पण पंचांग आणि पेव या वेळी सुनेच्या हाती होते.

सांगायचा मुद्दा असा की जुळवून घेणे ही निव्वळ तंत्राची बाब नव्हे. तळे, बियाणे, यंत्र, विमा, भ्रमणध्वनीवर येणारा हवामानाचा संदेश या साऱ्यांची गरज आहे. परंतु प्रत्येक उपायाला तीन प्रश्न विचारावेत असे मला वाटते. यात वाकणार कोण? ज्याच्यासाठी तो वाकतो आहे, तो स्वतः काय सोडतो आहे? आणि हे ठरले तेव्हा वाकणारा तिथे बसलेला होता का? या प्रश्नांची उत्तरे नीट असतील तर साधा मातीचा बांधही पुष्कळ काम करतो. नसतील तर लाखो रुपयांचे प्लॅस्टिक शेजाऱ्याची विहीर कोरडी करते. जे गावात दोन विहिरींमध्ये घडते तेच जिल्ह्याजिल्ह्यांत आणि देशादेशांतही घडते. हवा तापवण्यात ज्यांचा वाटा सर्वांत मोठा, त्यांनीच इतरांना जुळवून घेण्याचे प्रशिक्षण द्यावे, यात काही तरी विसंगत आहे आणि ते मोठ्याने म्हटले पाहिजे.

माहेरच्या रानात गेल्या वर्षी एक छोटी गोष्ट घडली. २०२३ च्या कोरड्या ऑगस्टनंतर भाऊ आणि काका यांच्यातले बोलणे जवळजवळ थांबले होते. ते सुरू केले वहिनीने. दिवाळीनंतर विहिरीतून तळे भरायचे नाही, दोन्ही मोटारी दिवसाआड चालवायच्या आणि डाळिंबाच्या खालच्या ओळी काढून तिथे हरभरा करायचा, असे तिने सुचवले. बागेतल्या प्रत्येक झाडाचा खर्च तिला तोंडपाठ आहे. त्यामुळे भावाला फारसे काही बोलता आले नाही. काका ओट्यावर बसून सगळे ऐकत होते. त्यांनी एवढेच विचारले, "आन् बोअरचं?" बोअरविषयी तेव्हा काही ठरले नाही. हा करार कुठल्या कागदावर नाही आणि त्याला कोणत्याही योजनेचे नाव नाही. त्यानंतरच्या पावसाळ्यात पाणी इतके झाले की विहिरी काठोकाठ भरल्या आणि मोटारीच्या पाळ्यांची गरजच पडली नाही. पुढच्या कोरड्या वर्षी तो टिकतो का, हे पाहायचे आहे.